सुटीच्या दिवसांचे आकडे

“आलेख मोठा पाहिजे,” मोठे सर म्हणाले. “सभागृहाच्या दारातून दिसला पाहिजे. पाहुण्यांनी चष्मा शोधत बसता कामा नये.”

“किती वर्षांचा काढू, सर?”

“चौदाच्या चौदा.”

त्यांनी कपाटातून तीन जाड नोंदवह्या काढल्या आणि माझ्यापुढे ठेवल्या. लाल कापडात बांधलेल्या होत्या. वरच्या वहीला इतके हात लागले होते की कापडाचा रंग कडेला गुलाबी झाला होता.

मोठे सर म्हणजे प्रभाकर काळमेघ, नेरखेडच्या आमच्या शाळेचे मुख्याध्यापक. मैदानाच्या कोपऱ्यात त्यांनी एक पांढरी, झडपांची लाकडी पेटी बसवून घेतली होती. आत दोन तापमापक होते, एक कमाल तापमानाचा, एक किमान. शाळेच्या फाटकाशी फळा होता. त्यावर रोज प्रार्थनेआधी सर स्वतःच्या हाताने कालचे दोन आकडे लिहीत. चौदा वर्षं एकही दिवस चुकला नव्हता. प्रार्थनेनंतर ते दोन मिनिटं बोलत, त्याला सगळे ‘सरांचं चिंतन’ म्हणायचे. शिकणं, शिस्त, नेतृत्व असे विषय असत आणि दर पंधरा दिवसांनी गाडी त्या पेटीवर येई. “जो रोज नोंद ठेवतो, त्याला स्वतःशी खोटं बोलता येत नाही,” हे त्यांचं वाक्य शाळेच्या वार्षिकांकावर छापलेलं असे.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. भौतिकशास्त्रात एम.एस्सी., मग बी.एड., आणि त्या शाळेत शिक्षणसेवक म्हणून तिसरं वर्ष. तीन वर्षं संपली की मुख्याध्यापक प्रस्ताव पाठवतात, शिक्षणाधिकारी कार्यालयाची मान्यता येते आणि नोकरी कायम होते. माझी तीन वर्षं जूनमध्ये संपत होती.

“या नोंदींच्या उपक्रमासाठी वीस मार्चला पुरस्काराची समिती येतेय,” सर म्हणाले. “त्यात एक निवृत्त प्राध्यापक आहेत. हवामानाचा त्यांचा अभ्यास आहे. तेव्हा काम चोख पाहिजे. म्हणून तुम्हाला देतोय, भोयर. बाकीच्यांना दिलं तर रांगोळी काढतील.”

मला हे ऐकून किती बरं वाटलं होतं, ते अजून आठवतं.

मी चौदा वर्षांच्या मासिक सरासऱ्यांचा एक आलेख केला. तो दोन दिवसांत झाला. मग वाटलं, नुसत्या सरासऱ्या कोण पाहणार? गेल्या वर्षाचा रोजचा आलेख काढावा आणि जोडीला जिल्ह्याच्या ठिकाणचं तापमान दाखवावं. जिल्ह्याचं ठिकाण आमच्यापासून अडतीस किलोमीटरवर. तिथला कमाल तापमानाचा आकडा रोज वर्तमानपत्रात येई आणि आमच्या ग्रंथालयात वर्षभराचे अंक राहत, त्याआधीचे रद्दीत जात. आपलं निळ्या शाईने, जिल्ह्याचं तांबड्या. आलेखाचे कागद एकाला एक चिकटवून मी प्रयोगशाळेतलं सगळ्यात लांब टेबल भरून टाकलं.

पहिले सहा ठिपके जोडले. निळी रेघ तांबडीच्या किंचित खालून, बरोबर तिच्या अंगाने गेली. सातवा ठिपका भलतीकडेच पडला. पुढचे सहा पुन्हा रांगेत. पुन्हा सातवा बाहेर. दिवाळीच्या सुटीत तर अठरा दिवस निळे ठिपके मनाला येईल तसे फिरत होते, कधी तांबड्याच्या वर, कधी दोन अंश खाली. मे महिना तसाच. शाळा उघडली की रेघ पुन्हा शहाणी.

वही पाहिली. शाळेच्या दिवसांचे आकडे सरांच्या वळणदार अक्षरात होते. सुटीच्या दिवसांचे बॉलपेनने, दाबून लिहिलेले, आठाचा आकडा गाठ मारल्यासारखा.

“हे कोणाचं अक्षर, डोमाजी?”

डोमाजी नेवारे आमचे शिपाई. अठ्ठावन्न वर्षांचे, सातवी पास. शाळेच्या मागे शाळेनेच दिलेल्या एका खोलीत ते आणि त्यांची बायको राहत. निवृत्तीला दोन वर्षं होती. त्यांनी पाण्याचा तांब्या टेबलावर ठेवला आणि वाकून पाहिलं.

“मायंच हाये जी.”

“सुटीच्या दिवशी तुम्ही घेता?”

“हो जी. सरांनं पयल्याच वर्षी सांगतलं होतं, डोमा, एक दिवस रिकामा जाता कामा नये.”

“पण शाळा तर बंद असते.”

“शाळा बंद राहते. पेटी कायले बंद राहीन?”

“तापमापक वाचायला कोणी शिकवलं?”

“सरांनंच. तवा सर सोता उभे राहत पेटीपाशी.” ते आलेखाकडे पाहत राहिले. “हे काय हाये, मॅडम? नदी काढली का?”

मी हसले. त्यांना सांगितलं नाही. मला जे सापडलं होतं त्याचा मला आनंद झाला होता आणि तो आनंद मी योग्य ठिकाणी नेऊन देणार होते.

सरांच्या खोलीत मी आलेख उलगडून धरला. तो टेबलावर मावेना म्हणून एक टोक त्यांनी हातात घेतलं.

“पाहा सर. शाळेच्या दिवशी आपले आकडे जिल्ह्याशी सुसंगत आहेत. किंचित कमी, पण फरक स्थिर आहे. आपण थोडे उंचावर आहोत, शिवाय नदी. पण सुटीच्या दिवशी काही मेळच नाही. याचा अर्थ एकच. त्या दिवशी पेटीपर्यंत कोणी जात नाही. आकडे मनाने लिहिले जातात.”

सरांच्या हातातलं टोक हललं नाही, पण ते माझ्या आलेखाकडे पाहत नव्हते, फाटकाशी असलेल्या फळ्याकडे खिडकीतून पाहत होते. त्यांनी विचारलं, “आणखी कोणाला सांगितलंत?”

“नाही सर. आधी तुम्हालाच सांगावं म्हटलं.”

“बरं केलंत.” त्यांनी टोक खाली ठेवलं. “ते प्राध्यापक हे एका नजरेत पाहतील.”

“म्हणूनच म्हटलं.”

“लिहून द्या. एक पान. तक्ता जोडा. तुमची सही.”

मी लिहून दिलं. शीर्षक दिलं, ‘सुटीच्या दिवसांच्या नोंदींची विश्वासार्हता’. ‘विश्वासार्हता’ हा शब्द लिहिताना मी थोडी थांबले होते. मला तो आवडला होता.

आठवडाभराने, शनिवारी, शाळा सुटल्यावर डोमाजी प्रयोगशाळेत आले. हातात एक घडी घातलेला कागद. कारणे दाखवा नोटीस होती. शाळेच्या राष्ट्रीय महत्त्वाच्या उपक्रमात खोट्या नोंदी करून संस्थेची दिशाभूल केल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये. गुरुवारी शाळा समितीसमोर हजर राहावे. सोबत माझ्या पानाची प्रत.

“तुमची सही हाये म्हून तुमालेच इचारतो,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. “माया आकडा कुठं चुकला थे दाखवा. म्हंजे मले समजन.”

“डोमाजी, हे असं होईल असं मला…”

“थे जाऊ द्या. चुकला कुठं?”

मी त्यांना तक्ता दाखवला. सव्वीस जानेवारी, जिल्हा तीस पूर्णांक दोन, आपला अठ्ठावीस पूर्णांक सात.

“त्या दिवशी ढग होते इकडं,” ते म्हणाले. “झेंडा लागला तवा पोरं कुडकुडत होती. तुमी नव्हत्या का?”

मी होते. निळी शाल घेऊन मी दुसऱ्या रांगेत उभी होते.

“उद्या ऐतवार हाये,” डोमाजी म्हणाले. “साडेपाचले या पेटीपाशी. माया हातून चूक होत असन तं तिथंच दिसन.”

रविवारी मी गेले. मैदान रिकामं होतं. ऊन उतरलं होतं, तरी जमीन तापलेली होती. डोमाजी आधीच आले होते. पायात चपला नव्हत्या.

“जरा बाजूले व्हा, मॅडम. तुमचा श्वास लागते त्याले.”

त्यांनी स्वतःचा श्वास धरला, झडप उघडली, गुडघे वाकवून डोळे पाऱ्याच्या बरोबर समोर आणले. मी विद्यापीठात दोन वर्षं प्रात्यक्षिकं केली. माझ्या वर्गातली निम्मी मुलं उभ्या उभ्या वरून पाहायची आणि आकडा चुकवायची. डोमाजी दोन क्षण तसेच राहिले, मग झडप लावून श्वास सोडला.

“अडतीस आन् सहा. तुमी पाहा आता.”

मी पाहिलं. तापमापकावर खुणा अर्ध्या अर्ध्या अंशाच्या होत्या. मधलं अंतर नजरेने वाटून घ्यावं लागे. अडतीस पूर्णांक सहा.

मग त्यांनी कमाल तापमानाचा तापमापक काढला, मनगटाने दोन झटके दिले, पारा खाली आणला आणि परत बसवला.

“झटकलं नाई तं पारा खाली येत नाई,” ते मला सांगत होते, जसं मला ठाऊकच नसावं. “तिथंच बसून राहते. म्हून मी शनवारी सांजच्याले येऊन झटकून ठेवतो. म्हंजे ऐतवारचा ऐतवारले येते. नाई तं शनवारी उघडतो तवा आठवड्यातला सगळ्यात मोठा आकडा तिथंच राहते.”

“म्हणजे सोमवार ते शनिवार कोणी झटकत नाही?”

झडपेच्या कोपऱ्यातून डोमाजींनी बोटाने कोळ्याचं जाळं काढलं, बोट धोतराला पुसलं.

“मी दर शनवारी काढतो हे,” ते म्हणाले. “पुढच्या शनवारी पुन्हा राहते. कोळ्याले कोनी त्रास देत नाई इथं.”

“तुम्ही हे समितीला सांगा, डोमाजी.”

“मी सांगून कोन ऐकन? मोठे सर हायेत थे. बोलाले लागले तं अध्यक्षबी उभा राहून ऐकते. तुमी सांगसान तं ऐकतीन. तुमी मोजून सांगता.” मग ते म्हणाले, “बदली करतीन म्हनतेत, त्याचं मले एवढं नाई, मॅडम. पन वहीत खोटं लिवलं असं नका म्हनू द्या. चौदा वर्सं मी पाव्हनपनाले गेलो नाई ऐतवारचा. बायको बोलते त्यावरून.”

सोमवारी मधल्या सुटीत मी ग्रंथालयात बसले. जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं, ते केलं. मी आलेख पाहिला होता, वजाबाकी केली नव्हती. आता वर्तमानपत्रातला आकडा, त्यातून आमचा आकडा वजा. शून्य पूर्णांक चार. पुढचा दिवस. शून्य पूर्णांक चार. हिवाळ्यात चार, उन्हाळ्यात चार, तिकडे गारा पडल्या त्या दिवशी चार. शाळेचे दोनशे अठरा दिवस होते. दोनशे बारा दिवस फरक बरोबर तेवढाच. उरलेल्या सहा दिवशी आदल्या दिवशीचाच आकडा पुन्हा लिहिलेला होता. मी तारखा पाहिल्या. त्या सहा दिवशी वर्तमानपत्र निघालं नव्हतं.

अडतीस किलोमीटर दूरच्या दोन ठिकाणांत वर्षभर एकच फरक राहत नाही. पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही हे सांगेल. पण आमच्या प्रयोगवह्यांत पुस्तकातल्या उत्तराच्या जवळ येणारं वाचन बरोबर आणि लांब जाणारं चूक, असं आम्हाला बारा वर्षं शिकवलेलं होतं. मी तेच शिकवत होते. जुळणारा आकडा दिसला आणि मी विश्वास ठेवला. सातवी पास माणसाचा आकडा जुळला नाही आणि मला जराही आश्चर्य वाटलं नाही.

संध्याकाळी मी सरांच्या खोलीत गेले. ते एका फाइलची फीत बांधत होते.

“या न, बसा.”

मी वजाबाक्यांचं पान पुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावला. पहिल्या ओळीवरून बोट शेवटच्या ओळीपर्यंत नेलं, मुलांची उत्तरपत्रिका तपासतात तसं.

“सुबक आहे,” ते म्हणाले.

“सर, पेटीपाशी कोणी जात नाही.”

“पहिली तीन वर्षं मी जात होतो. पावसात छत्री धरून. त्या वर्षांच्या वह्या पाहा, आकडे असेच वाकडेतिकडे आहेत. मग शाळा मोठी झाली. दोनाच्या सहा तुकड्या झाल्या. समित्या, अहवाल, बैठका. एक दिवस राहून गेलं. मुलं फळ्यासमोर येऊन उभी होती. टेबलावर वर्तमानपत्र होतं.” त्यांनी चष्मा काढला. “रोज सहाशे मुलं त्या फळ्यासमोर थांबतात, भोयर. कालच्यापेक्षा जास्त की कमी, आपसांत बोलतात. तुमच्याकडे विज्ञानाला येतात ती त्यातूनच. हे शिक्षण नाही?”

“पण आकडा खोटा आहे.”

“आकडा खरा आहे. पत्ता चुकलाय, इतकंच.”

“मग पॉइंट चार कशाला वजा केलेत?”

ते हसले. खरोखर हसले. “तेवढा आपल्या नदीचा मान.”

मी म्हटलं, “डोमाजींचे आकडे खरे आहेत. या वहीत गेली अकरा वर्षं फक्त तेच खरे आहेत.”

“मला ठाऊक आहे.”

ते अगदी सहज म्हणाले.

“पण ते वहीत तसेच राहिले, तर त्या प्राध्यापकांनाही ठाऊक होईल,” सर म्हणाले. “आणि ते काढायचे तर कारण लागतं. ते तुम्ही दिलंत. मी तर तुम्हाला फक्त आलेख काढायला सांगितलं होतं. खरं की नाही?”

“खरं.”

“डोमाला कोणी काढून टाकत नाहीये. संस्थेच्या आश्रमशाळेत माणूस हवा आहे, तिकडे जाईल.”

“आणि खोली?”

“खोली शाळेची आहे.” त्यांनी फितीची गाठ पक्की केली. “तुम्ही एक दिवस या खुर्चीत बसाल, मी लिहून देतो. तेव्हा कळेल. मुख्याध्यापकाला रोज शंभर गोष्टी खऱ्या असल्यासारख्या चालवाव्या लागतात. त्यातल्या दहा खऱ्या होतात. त्या दहांसाठी शाळा असते.”

मी उठले. तेव्हा मला फाइलवरचं नाव दिसलं. माझं होतं.

“हो, तुमचा प्रस्ताव,” ते म्हणाले. “शुक्रवारी माणूस जिल्ह्याला जातोय. माझी सही तेवढी राहिली आहे. करतो.”

इतकंच म्हणाले. दुसरं काहीही नाही.

गुरुवारी समिती सरांच्याच खोलीत बसली. संस्थेचे अध्यक्ष कापसाचे व्यापारी होते, भला माणूस, कागदांना घाबरणारा. मोठे सर त्यांच्या उजव्या हाताला. डोमाजी दाराशी उभे, धुतलेला सदरा, टोपी हातात. मला खुर्ची दिली होती.

“डोमाजी, तुमचं काय म्हणणं आहे?” अध्यक्षांनी विचारलं.

“मी रोजचं रोज पाहून लिवलं जी. बाकी मॅडम सांगतीन. त्याहीनं काल पाह्यलं.”

“ऐतवारी,” असं त्यांना म्हणायचं होतं, आणि ते माझ्याकडे पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. दवाखान्यात डॉक्टर आत आले की माणूस जसा सैल होतो, तसे ते मी खुर्चीत सावरून बसल्यावर सैल झाले होते.

अध्यक्षांनी माझं पान उचललं. “मॅडम, तुम्ही शास्त्र शिकलेल्या. आम्हाला यातलं काही समजत नाही. हा कागद तुमचाच ना?”

“हो.”

“यातलं सगळं बरोबर आहे?”

मी त्याआधीच्या रात्री हे वाक्य तयार केलं होतं. शब्द एकेक तपासला होता. त्यात एकही खोटा शब्द नव्हता आणि आजही मला त्यात खोटा शब्द दाखवता येणार नाही.

“सुटीच्या दिवसांचे आकडे जिल्ह्याच्या आकड्यांशी जुळत नाहीत,” मी म्हटलं. “शाळेच्या दिवसांचे जुळतात. तपासणीत असं आढळलं आहे.”

“म्हणजे डोमाजींचे चूक.”

मी काही बोलले नाही. सर टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहत होते. पंखा फिरत होता. अध्यक्षांनी दोन वेळा माझ्याकडे पाहिलं आणि माझं गप्प राहणं होकार म्हणून लिहून घेतलं गेलं.

“डोमाजी, काही बोलायचंय?”

डोमाजींनी माझ्यावरची नजर काढली नव्हती. मग त्यांनी ती हळूच काढून टोपीकडे वळवली.

“मॅडमनं मोजलं असन तं बरोबरच असन,” ते म्हणाले.

सोमवारी त्यांनी सामान हलवलं. प्रयोगशाळेच्या किल्ल्या द्यायला आले तेव्हा मी दहावीच्या पेपरांचे गठ्ठे लावत होते. त्यांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या. एक एक करून कोणती कुठली ते सांगितलं.

“पेटीची वरची झडप ढिली झाली हाये,” जाताना म्हणाले. “सांजचं ऊन आत जाते, मंग आकडा वाढते. एक खिळा मारून घ्या.”

मी “हो” म्हटलं. खिळा मी मारला नाही. पेटीपाशी मी पुन्हा गेलेच नाही.

वीस तारखेला पुरस्काराची समिती आली. मी नवा आलेख काढला होता, सुट्या वगळून. निळी रेघ तांबडीच्या खालून वर्षभर अशी चालली होती, जणू प्रार्थनेच्या रांगेत पुढच्याचा खांदा पकडून. निवृत्त प्राध्यापक तिच्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं, आता हे खिशातून पेन काढतील आणि वजाबाकी करतील.

“फार सुंदर,” ते म्हणाले. “इतकी नियमितता शाळांत दिसत नाही. सुट्यांचे आकडे कुठे आहेत?”

“होते,” मोठे सर म्हणाले. “पण ते विश्वासार्ह नव्हते. आमच्याच शिक्षिकेने ते शोधून काढलं.” त्यांनी मला पुढे बोलावलं, खांद्यावर हात ठेवला. “मी ताबडतोब वगळायला सांगितले. कटू निर्णय होता, जुना माणूस होता आमचा. पण नेतृत्व म्हणजे काय, तर आपल्या घरातली चूक आधी आपण दाखवायची.”

टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या, कारण सगळे वाजवत होते आणि माझे हात मोकळे होते.

पुरस्कार मिळाला. जूनमध्ये माझी मान्यता आली.

या गोष्टीला सतरा वर्षं झाली. सर मागच्या वर्षी गेले. त्यांच्या चिंतनांचं पुस्तक संस्था काढते आहे आणि सुरुवातीला ‘सरांकडून मी नेतृत्व शिकले’ अशा अर्थाचं चार पानं मी लिहावं, असं अध्यक्षांच्या मुलाने कळवलं आहे. मला लिहायलाच हवं. चार वर्षांपासून मी त्याच खुर्चीत बसते. सरांनी लिहून देतो म्हटलं होतं, ते खरं निघालं.

डोमाजी आश्रमशाळेतूनच निवृत्त झाले, तिकडेच राहिले, असं कानावर आलं. पुढचं माहीत नाही. इथून ती शाळा सेहेचाळीस किलोमीटर आहे. मी गेले नाही.

एका मे महिन्यात मी जुन्या वह्या काढल्या होत्या. सरांनी सुटीच्या ओळींवर तांबड्या शाईने रेघ मारली होती, पण एकच, पातळ. खालचा आकडा वाचता येत होता. मी तेवढेच ठिपके मांडले. चौदा वर्षांचे अठराशे बारा निघाले. सरांची पहिली तीन वर्षं सोडली, तर या गावाचं तापमान कोणी खरोखर मोजलं असेल ते या अठराशे बारा दिवशीच. तो कागद मी गुंडाळून कपाटाच्या मागे ठेवला. भिंतीवर दुसरा आहे.

परवा मडावी सर माझ्याकडे आले. चेतन मडावी, रसायनशास्त्राचे, शिक्षणसेवक म्हणून तिसरं वर्ष. हातात एक कागद होता, छोट्या अक्षरांत भरलेला. सभागृहातल्या आलेखाच्या फोटोवरून आकडे उतरवून घेतले होते.

“मॅडम, एक विचारू? त्या आलेखात रविवार का नाहीत?” ते म्हणाले. “आणि मी सहज वजाबाकी करून पाहिली. प्रत्येक वेळी पॉइंट चारच येतोय. असं कसं होईल?”

त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो मी ओळखला.

“आणखी कोणाला सांगितलंत?” मी विचारलं.

“नाही मॅडम. आधी तुम्हालाच…”

बोलता बोलता ते थांबले. त्यांची नजर माझ्या टेबलावर गेली होती. फीत बांधलेली फाइल होती, त्यावर त्यांचं नाव. शुक्रवारी जिल्ह्याला जायची होती, माझी सही राहिली होती. मी ती तिथे मुद्दाम ठेवलेली नव्हती.

सरांनीही कदाचित मुद्दाम ठेवली नसेल.